शिंगावरून सोयरीक

भंडाऱ्याकडे पावसाळ्याच्या तोंडावर शेणखताचा खड्डा उपसला, की त्यातून पांढऱ्या, जाड, अर्धगोल वळलेल्या अळ्या निघतात. ‘हुमणी’ म्हणून त्या सरसकट फावड्याने ठेचल्या जातात. पण त्या एका कुळातल्या असल्या, तरी एका घरच्या नसतात. पिकाची जिवंत मुळे कुरतडते ती हुमणी. शेणखतात वाढून पुढे शिंदी-नारळाचा कोवळा कोंब पोखरतो तो गेंडाभुंगा. तिसरी फुलभुंग्याची. ती बिचारी फक्त कुजलेले खाते आणि खत भुसभुशीत करते.

ही नाती लावायला माणसाला अडीचशे वर्षे लागली. स्वीडनच्या लिनिअसने १७५८ साली गेंडाभुंग्याला नाव दिले, तेव्हा त्याला शेणाचे गोळे ढकलणाऱ्या भुंग्यांच्याच ‘स्कॅराबियस’ प्रजातीत बसवले. १८१९ साली मॅक्ले या इंग्रज अभ्यासकाने या मंडळींचे घराणे वेगळे काढले. भंडारा मध्य प्रांतात होता, त्या काळात, १९१० साली, ब्रिटिश म्युझियमच्या गिल्बर्ट ॲरो यांनी हिंदुस्थानातल्या गेंडाभुंग्यांवर ग्रंथ लिहिला.

घोटाळा केला तो शिंगाने. अळीला पोटभर मिळाले तर नराचे शिंग लांब होते, उपासमार झाली तर नुसती खुंटी उरते. एकाच आईची दोन लेकरे दोन जातींची वाटावीत! शेणभुंग्यांनाही शिंगे असतात, पण ती त्यांची स्वतंत्र कमाई. दिसण्याला भुलणारे आम्ही कवीच नव्हतो म्हणायचे. पुढे अभ्यासकांनी जबडे पाहिले, नराची जननेंद्रिये पाहिली. रोलंड यांनी २००३ साली ‘झायलोट्रुपिस’ या भुंग्यांची मांडणी नव्याने केली. जगात गेंडाभुंग्यांच्या दीड हजारांवर जाती, बहुतेक उष्ण प्रदेशातल्या. त्यांचे जुने गट आता डीएनएच्या कसोटीवर लावले, तर काहींचा पूर्वज एक निघत नाही.

हा पंडितांचा खेळ वाटेल, पण सामोआ बेटांना विचारा. १९०९ च्या सुमारास सिलोनहून रबराच्या रोपांबरोबर गेंडाभुंगा तिथे पोचला आणि नारळबागा उजाड होऊ लागल्या. १९६० च्या दशकात मलायात त्याच्या अळ्यांना मारणारा विषाणू सापडला. तो सामोआत सोडल्यावर भुंगा आटोक्यात आला. हा विषाणू गेंडाभुंगा आणि त्याच्या जवळच्या भाऊबंदांपुरताच. सोयरीक चुकली असती तर औषधही चुकले असते.

आपल्या खड्ड्यातली ओळख मात्र सोपी आहे. अळी सपाट जमिनीवर ठेवा. पाय वर करून पाठीवर सरपटत निघाली, तर ती फुलभुंग्याची; तिला परत खतात टाका.