टॅग गुणधर्म

पडद्यावरील बटण, यादी, मजकूरचौकट अशा कंट्रोलला प्रोग्रामरने स्वतःची माहिती जोडून ठेवण्यासाठी दिलेली राखीव जागा. टॅगमध्ये काहीही ठेवले तरी कंट्रोलच्या दिसण्यात वा वागण्यात फरक पडत नाही. त्याचा अर्थ फक्त प्रोग्रामला कळतो.

उपाहारगृहाच्या बिलिंग प्रोग्राममध्ये 20 टेबलांची 20 बटणे असली, तर प्रत्येकासाठी वेगळे फंक्शन लिहावे लागत नाही. बटणाच्या टॅगमध्ये टेबल क्रमांक ठेवायचा. क्लिक होताच एकच फंक्शन तो वाचून नेमके बिल उघडते.

व्हिज्युअल बेसिक 6 मध्ये टॅग म्हणजे मजकूर, तर डेल्फीत पूर्णांक. डॉटनेटच्या विंडोज फॉर्म्समध्ये तो कोणताही ऑब्जेक्ट स्वीकारतो. ग्राहकाची पूर्ण नोंदही त्यात मावते. मात्र वाचताना मूळ प्रकारात रूपांतर करावे लागते आणि प्रकार चुकला, तर ती चूक प्रोग्राम चालू असतानाच उघडी पडते.

अँड्रॉइडमध्ये एकाच व्ह्यूला, म्हणजे पडद्यावरील कंट्रोलला, वेगवेगळ्या ‘की’ वापरून अनेक टॅग लावता येतात.

एचटीएमएल 5 मध्ये हेच काम ‘डेटा-’ने सुरू होणारी ॲट्रिब्यूट्स करतात. ती पानाच्या सोर्समध्ये कोणालाही दिसतात व बदलता येतात. म्हणून पासवर्ड तिथे ठेवू नये आणि तिथून आलेली किंमत सर्व्हरने पुन्हा तपासावी.