बोधक्रियापदे आणि गौण प्रश्नवाक्ये

जाणणे, कळणे, आठवणे, विसरणे, वाटणे अशा मनोव्यापारवाचक क्रियापदांना जोडून येणाऱ्या प्रश्नरूप गौणवाक्यांचा विचार. 'किल्ली कुठे ठेवली ते आठवत नाही' यात 'कुठे' आहे, तरी बोलणारा काही विचारत नाही. शालेय व्याकरण अशा गौणवाक्याला नामवाक्य म्हणून सोडून देते. खरा गुंता त्यापुढे आहे.

'विचारणे' प्रश्नच घेते, 'माहीत असणे' प्रश्न आणि विधान दोन्ही घेते, 'वाटणे' सहसा फक्त विधान. मराठीत हा भेद उघड दिसतो. 'कोण येईल असं तिने विचारलं' हे निवेदन आहे. क्रियापद बदलून 'कोण येईल असं तिला वाटलं?' म्हटले की सगळे वाक्यच प्रश्न होते. वाटण्याच्या पोटात प्रश्न मावत नाही, म्हणून तो बाहेर येतो. 'ते' वापरून 'कोण येईल ते तिला वाटलं' असे तर कोणीच म्हणत नाही. मात्र 'तू येतोस की नाही असं वाटत होतं' हे सर्रास ऐकू येते; तिथे 'वाटणे'चा अर्थ शंका येणे असा असतो.

अशा गौण प्रश्नाचा अर्थ काय, हा पुढचा मुद्दा. भाषाशास्त्रज्ञ लाउरी कार्टुनेन यांनी १९७७ मध्ये गौण प्रश्नाचा अर्थ म्हणजे त्याच्या खऱ्या उत्तरांचा संच, असे मांडले. उत्तरे 'खरी'च का, ते 'सांगणे'त दिसते. 'परीक्षा सोमवारी आहे असं त्याने सांगितलं' ही थाप असू शकते. 'परीक्षा कधी आहे ते त्याने सांगितलं' म्हटले की वार बरोबर सांगितला असेच आपण धरतो. ॲमस्टरडॅमच्या ग्रोनेनडाइक आणि स्टोखॉफ यांनी (१९८४) अट कडक केली: सभेला कोण आले हे ज्याला माहीत आहे, त्याला कोण आले नाही हेही माहीत हवे. हजेरी घेणाऱ्याला ती लागू पडते, पण 'आठवणे'ला जाचक वाटते. आलेले सगळे आठवले, तरी न आलेल्यांची आठवण असावीच असे नाही.

कधी एकच उत्तर पुरते. 'दूध कुठे मिळतं ते मला माहीत आहे' म्हणायला एक दुकान ठाऊक असले तरी चालते. 'कुठे कुठे मिळतं' म्हटले, की यादी द्यावी लागते. इंग्रजीच्या अभ्यासकांना संदर्भावरून ओळखावा लागणारा हा फरक मराठी द्विरुक्तीने सांगून टाकते.