चकवा, पण फसवू नका

शब्दकोडे जन्मले तेच मुळी रविवारच्या पुरवणीत. लिव्हरपूलहून अमेरिकेत गेलेल्या आर्थर विन यांचे पहिले कोडे 21 डिसेंबर 1913 रोजी ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’मध्ये छापून आले. आकार शंकरपाळ्याचा आणि प्रश्न सरळ अर्थाचे. आपली मराठी शब्दकोडी बहुधा त्याच वळणाची. इंग्लंडमध्ये मात्र 1920 नंतरच्या दशकात कोड्याने निराळे रूप घेतले. ते गूढ झाले.

गूढ म्हणजे कसे? मराठीतच करून पाहू. ‘कडा उलटला, टपाल आले’, अक्षरे दोन. वाचताच डोळ्यांपुढे डोंगर येतो, कोसळलेली दरड येते. इथेच आपण चकतो. डोंगराचा काही संबंध नाही; ‘कडा’ हा शब्द तेवढा उलटा वाचायचा. डाक! म्हणजेच टपाल. ओळीच्या एका टोकाला उत्तराचा अर्थ आणि उरलेल्या भागात ते घडवण्याची कृती. दोन्ही वाटा एकाच शब्दापाशी आल्या की शंका उरत नाही. कधी नुसता श्लेष असतो. ‘पाण्यावरही असते, पाटीवरही असते’ याचे उत्तर ‘नाव’.

हा खेळ ज्याने कठीण केला, तो कवी होता. एडवर्ड पॉईस मॅथर्स. काश्मिरी कवी बिल्हणाची ‘चौरपंचाशिका’ त्याने ‘ब्लॅक मॅरिगोल्ड्स’ या नावाने इंग्रजीत आणली, अरबी रजनींच्या कथाही फ्रेंचवरून अनुवादल्या. 1926 पासून 1939 मध्ये मृत्यू येईपर्यंत ‘ऑब्झर्व्हर’मध्ये तो कोडी रचत होता. त्यासाठी त्याने टोपणनाव घेतले टोर्केमाडा, स्पेनच्या क्रूर धर्मन्यायाधीशाचे. कोडी त्या नावाला साजेशीच होती. कवीची झेप अफाट, पण सोडवणाऱ्याला आधार कमी. उत्तर सापडले तरी ते बरोबर कशावरून, हे सांगता येईलच असे नसे.

त्याच्या जागी आले डी. एस. मॅकनट. त्यांनीही धर्मन्यायाधीशाचेच नाव घेतले, झिमेनेस. हा तोच कार्डिनल, ज्याने सुमारे 1500 साली ग्रॅनडात मुसलमानांची सक्तीने धर्मांतरे करवली आणि अरबी ग्रंथांची होळी केली. ते नाव वाचताना माझ्यासारखा माणूस क्षणभर थबकतो. गंमत अशी, की या भयंकर नावाखाली मॅकनट यांनी न्यायाचा कायदा लिहिला. ‘आफ्रित’ या नावाने कोडी रचणारे ए. एफ. रिची यांनी 1949 च्या आपल्या पुस्तकात त्याचा पाया घातला होता. 1966 साली मॅकनट यांनी आपल्या ग्रंथात त्यावर इमारत उभी केली. सार एवढेच: वाचणाऱ्याला चकवा, पण फसवू नका. ओळीत एकही शब्द फुकटचा नको, आणि नियमाने वाचणाऱ्याला उत्तर मिळालेच पाहिजे. 1972 मध्ये त्यांची जागा घेणाऱ्याने देझा या न्यायाधीशाचे नाव रोमन लिपीत उलटे करून ‘अझेड’ हे नाव धारण केले. नियम मात्र तेच राहिले.

आमच्या फारसी-उर्दू परंपरेत ‘मुअम्मा’ नावाचा प्रकार आहे. शेरात एखादे नाव अक्षराअक्षराने दडवायचे. पंधराव्या शतकातल्या जामीसारख्या थोर कवीने त्यावर शास्त्रीय लेखन केले. म्हणजे दडवण्यालाही शिस्त लागते, हे कवींना जुनेच ठाऊक होते.

स्पेनच्या त्या न्यायालयात आरोप कोणी केला, हे आरोपीला कळू देत नसत. चांगल्या कोड्यात याच्या नेमके उलटे असते. उत्तराला लागणारे सारे त्या एका ओळीत उघड्यावर मांडलेले असते. म्हणूनच हरलेला माणूस दुसऱ्या दिवशी उत्तर पाहून चिडत नाही, हसतो. ‘अरे, हे तर समोरच होते!’ असे त्याने म्हणावे, यातच रचणाऱ्याची सचोटी आहे.