भार्या, भार आणि विमा

'भृ' या संस्कृत धातूचा मराठीतील गोतावळा मोठा आहे. भरण, भार, भृत्य, भर्ता, भार्या हे सगळे शब्द त्या एकाच धातूचे. भरण करतो तो भर्ता, जिचे भरण करावयाचे ती भार्या आणि जो वाहावा लागतो तो भार. वर्गात ही व्युत्पत्ती सांगितली की विद्यार्थिनींमध्ये हशा पिकतो आणि एखादी तरी विचारतेच, "म्हणजे भार्या हा भारच का, सर?" शब्दाचे मूळ म्हणजे त्याचा आजचा अर्थ नव्हे, असे उत्तर मी वर्षानुवर्षे देत आलो आहे. भाषाशास्त्राच्या दृष्टीने ते बरोबरच आहे. परंतु आमच्या विभागातील एका माजी विद्यार्थिनीचे पत्र आले आणि या उत्तराचा मला पुन्हा विचार करावा लागला.

तिचे लग्न पुण्यात हिवाळ्यात झाले. नवरा अमेरिकेत नोकरीला. व्हिसाची कागदपत्रे पूर्ण होऊन ती तिकडे पोहोचली तेव्हा उन्हाळा सुरू झाला होता. नवऱ्याच्या कंपनीच्या आरोग्यविम्यात पत्नीचे नाव घालता येत होते, पण लग्नाच्या तारखेपासून तीस दिवसांच्या आत. ते दिवस ती व्हिसाची वाट पाहत असतानाच संपले होते. आता पुढची संधी वर्षअखेरीस, असे कार्यालयाने कळवले. अर्जात तिच्या नावापुढे 'डिपेंडंट' असा शब्द होता. दोन वर्षे कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवलेल्या या मुलीने पत्रात एकच प्रश्न विचारला होता : सर, बायकोच्या आजाराला लग्नाची तारीख केव्हापासून लागू झाली?

प्रश्न वाटतो त्याहून जुना आहे. त्याचे एक मूळ इंग्रजी कायद्यात सापडते. ब्लॅकस्टोनने 1765 पासून प्रसिद्ध केलेल्या आपल्या भाष्यात विवाहित स्त्रीच्या कायदेशीर स्थितीला 'कव्हर्चर' म्हटले आहे. लग्नानंतर स्त्रीचे स्वतंत्र कायदेशीर अस्तित्व पतीच्या अस्तित्वात विलीन होते आणि ती त्याच्या छत्राखाली, त्याच्या 'कव्हर'खाली राहते, असा त्याचा आशय. हीच कल्पना अमेरिकेतही गेली. न्यूयॉर्क राज्याने 1848 मध्ये विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेचा कायदा केला, अन्य राज्यांनीही तसे कायदे केले आणि मालमत्तेपुरते हे छत्र हळूहळू दूर झाले. पण विम्याच्या भाषेत आपण आज ज्याला 'कव्हरेज' म्हणतो तो शब्द त्याच कुळातला आहे. मालमत्तेतून गेलेले छत्र आजारपणात परत कसे आले, हे पाहण्यासारखे आहे.

भार हा शब्दही याच सुमारास अमेरिकी कायद्यात आला. 1882 च्या स्थलांतर कायद्याने, सार्वजनिक भार झाल्यावाचून ज्यांना स्वतःचा सांभाळ करता येणार नाही, अशांना बंदरावर उतरू देण्यास मनाई केली. 1891 मध्ये संसर्गजन्य रोग असलेल्यांचीही त्यात भर पडली. पुढच्याच वर्षी न्यूयॉर्कजवळ एलिस बेटावरचे केंद्र सुरू झाले. तेथे डॉक्टर येणाऱ्याचे शरीर तपासत आणि अधिकारी त्याची मिळकत. एकट्या आलेल्या स्त्रीला तर पती किंवा नातेवाईक न्यायला येईपर्यंत थांबवून ठेवीत. तिचा भार कोण उचलणार, हे ठरल्यावाचून दार उघडत नसे.

या दोन कायद्यांच्या दरम्यान, 1883 च्या एप्रिलात, आनंदीबाई जोशी कलकत्त्याहून बोटीने अमेरिकेला निघाल्या. आपल्या परिचयाच्या या कथेत क्रम उलटा आहे : पत्नी आधी गेली, पती मागाहून पोहोचला. योगायोग असा की त्याच वर्षीच्या जूनमध्ये जर्मनीत बिस्मार्कच्या काळातील कामगार आजारविम्याचा कायदा मंजूर झाला आणि आधुनिक आरोग्यविम्याचा आरंभ झाला. आनंदीबाईंपर्यंत असा कोणताही विमा पोहोचणे शक्य नव्हते. न्यू जर्सीतील रोझेल येथे कार्पेंटरबाईंच्या घराने त्यांना आसरा दिला, माया दिली. 1886 मध्ये फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून त्या डॉक्टर झाल्या, आजारी अवस्थेतच परतल्या आणि 26 फेब्रुवारी 1887 रोजी पुण्यात वारल्या. परक्या देशात त्यांच्या पाठीशी होते ते एका स्त्रीचे सौहार्द. त्याला कोणत्याही अर्जात रकाना नसतो.

जर्मन कायद्यातील एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. तेथे विमा होता तो कामगाराचा. आजारपणात बुडणारी मजुरी भरून काढणे हा आरंभीच्या विम्याचा मोठा भाग होता. अमेरिकेत स्थलांतरितांनी आपापल्या गावाच्या वा भाषेच्या नावाने काढलेली परस्पर साहाय्य मंडळेही मुख्यतः आजारी सभासदाच्या बुडालेल्या पगाराची भरपाई करीत. जिला पगारच नाही तिचे आजारपण या हिशेबात बसत नसे. ब्रिटनच्या 1911 च्या राष्ट्रीय विमा कायद्याने कामगाराला डॉक्टर दिला, पण त्याच्या घर सांभाळणाऱ्या बायकोला दिला नाही. तिच्या वाट्याला बाळंतपणाचे तीस शिलिंग तेवढे आले. अमेरिकेत 1915 नंतर कामगार कायद्यांच्या एका संघटनेने सक्तीच्या विम्याचा मसुदा मांडला. त्यात पत्नीच्या बाळंतपणाची सोय होती. कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी 1918 मध्ये अशी योजना नाकारली आणि पुढे तो विषयच मागे पडला.

मग पत्नी विम्यात आली ती नोकरीच्या वाटेने. 1929 मध्ये टेक्सासमधील डॅलस येथे बेलर रुग्णालयाने शिक्षकांसाठी एक योजना काढली : महिना पन्नास सेंट भरावेत आणि वर्षात 21 दिवसांपर्यंत रुग्णालयात राहावे. पुढच्या 'ब्लू क्रॉस' योजनांचे हे बीज. आधुनिक अमेरिकी विम्याचे पहिले ग्राहक शाळामास्तर आणि मास्तरणी होत्या, हे आपल्या व्यवसायबंधूंना ठाऊक असावे म्हणून मुद्दाम नोंदवतो. दुसऱ्या महायुद्धात सरकारने 1942 मध्ये पगारवाढीवर मर्यादा घातली, परंतु माफक विमा पगारात धरला नाही. माणसे मिळेनात आणि पगार वाढवता येईना, तेव्हा मालकांनी विमा देऊ केला. 1954 च्या करकायद्याने मालकाने भरलेला हप्ता कर्मचाऱ्याच्या करपात्र उत्पन्नातून वगळला. 1940 मध्ये दहा टक्क्यांहून कमी अमेरिकनांकडे रुग्णालयाचा विमा होता. 1950 पर्यंत तो सुमारे निम्म्या लोकांकडे आला. या लाटेत पत्नी आणि मुलेही आत आली, पण 'डिपेंडंट' या नावाने. युद्धकाळातील एका अडचणीतून निघालेली ही वाट पुढे राजमार्ग झाली.

युद्ध संपताच सैनिकांच्या परदेशी पत्नींचा प्रश्न उभा राहिला. 28 डिसेंबर 1945 च्या कायद्याने त्यांचा प्रवेश सुकर केला आणि शारीरिक वा मानसिक व्यंगाच्या कारणाने प्रवेश नाकारण्याची तरतूद त्यांच्यापुरती बाजूला ठेवली. राज्याला मनात आणल्यास पत्नीचे शरीर भार वाटत नाही, याचा हा पुरावाच. अर्थात ती विजयी सैनिकाची पत्नी होती.

पत्नीचे आजारपण कायद्याच्या नजरेत कोणाचे, याचे सर्वांत बोलके उत्तर 1983 मध्ये मिळाले. गरोदरपणावरून भेदभाव करण्यास मनाई करणारा कायदा 1978 मध्ये झाला होता. एका जहाजबांधणी कंपनीने आपल्या स्त्री कर्मचाऱ्यांना बाळंतपणाचा पूर्ण विमा दिला आणि पुरुष कर्मचाऱ्यांच्या पत्नींना मात्र कमी. सर्वोच्च न्यायालयाने हा भेदभाव बेकायदा ठरवला. पण अन्याय कोणावर झाला? निकालानुसार पुरुष कर्मचाऱ्यांवर, कारण त्यांना स्त्री सहकाऱ्यांपेक्षा उणे लाभ मिळत होते. पत्नीला न्याय मिळाला खरा, परंतु तो पतीच्या हातून. ब्लॅकस्टोनला हे वाचून फारसे आश्चर्य वाटले नसते.

आमच्या विद्यार्थिनीची कथा यानंतरच्या दोन कायद्यांच्या सांध्यात येते. 1990 च्या कायद्याने कुशल कामगारांचा एच-1बी व्हिसा आकाराला आणला. त्यांच्या पती-पत्नींना मिळतो तो एच-4. त्यावर 2015 पर्यंत नोकरी करताच येत नसे. नंतर काहींनाच, स्थायी वास्तव्याचा अर्ज ठरावीक टप्प्यापर्यंत पोहोचला तर, ती मुभा मिळाली. म्हणजे विमा नोकरीतून मिळावा अशी समाजाची रचना आणि नोकरी करू नये अशी व्हिसाची अट. 1996 च्या कायद्याने कंपनीच्या विम्यात वर्षाच्या मध्ये नाव घालण्याची संधी लग्न, अपत्यजन्म, दत्तक, आधीचा विमा संपणे अशा प्रसंगी दिली. मुदत किमान तीस दिवस. एरवी कुटुंबाच्या सोयीचीच ही तरतूद. तिच्या कर्त्यांच्या डोळ्यांपुढे जे जोडपे होते ते लग्नानंतर एकाच घरात राहायला जाणारे होते. लग्न आणि घर यांच्यामध्ये वकिलात उभी असते, ही गोष्ट त्या यादीत नाही. कित्येक कंपन्या पत्नीचे देशात येणे हेही नाव घालण्याचे कारण मानतात. तिच्या नवऱ्याची कंपनी मानीत नव्हती.

तिला वाट सापडली ती 2010 च्या कायद्यात. कायदेशीर वास्तव्य नव्याने मिळालेल्या व्यक्तीस त्या कायद्याखालील विमाबाजारात साठ दिवसांत स्वतःच्या नावाने विमा घेता येतो आणि 2014 पासून पूर्वीच्या आजाराचे वा गरोदरपणाचे कारण देऊन तो नाकारता येत नाही. हप्ता पुरता भरावा लागला, पण अर्जावर पहिले नाव तिचे होते. ते तिने पत्रात अधोरेखित केले आहे.

ही वाटही निर्वेध आहे असे नाही. 2019 च्या ऑक्टोबरात निघालेल्या एका अध्यक्षीय घोषणेने कायम वास्तव्यासाठी येणाऱ्यांनी तीस दिवसांत विमा घेण्याची किंवा खर्चाची ऐपत असल्याची खात्री पटवावी, अशी अट घातली. अमेरिकी नागरिकांच्या पत्नीही तीतून सुटल्या नव्हत्या. ओरेगनच्या न्यायालयाने तिला स्थगिती दिली आणि 2021 च्या मे महिन्यात ती रद्द झाली. परंतु 2025 च्या कायद्याने विमाबाजारातील हप्त्यासाठी मिळणारे सरकारी साहाय्य 2027 पासून स्थायी रहिवासी आणि मोजक्या गटांपुरते मर्यादित केले आहे. तात्पुरत्या व्हिसावरील कुटुंबे त्यात नाहीत. 1882 चा 'भार' अजून हिशेबात आहे.

याला दुसरा मार्ग नव्हता का? ब्रिटनने 1948 च्या जुलैत आरोग्यसेवा सुरू करताना मजुरी आणि लग्न हे दोन्ही प्रश्न वगळले. देशात राहणाऱ्या प्रत्येकाला डॉक्टर मिळाला आणि 1911 मध्ये वगळलेली गृहिणीही आत आली. मात्र 2015 पासून तेथेही बाहेरून येणाऱ्या पती-पत्नीला व्हिसाबरोबर आरोग्याचा अधिभार भरावा लागतो. परक्याच्या आजाराची किंमत आधी वसूल करण्याची सवय कोठेच पुरती सुटलेली दिसत नाही.

आपण दूर बसून हसावे असेही नाही. वैद्यकीय खर्चाच्या प्रतिपूर्तीसाठी आपण जे अर्ज भरतो त्यांतही 'अवलंबित' असा रकाना असतोच, आणि तो भरताना माझा हात कधी अडखळला नव्हता. विमा हा शब्द फारसीतल्या 'बीम'वरून आला आहे, म्हणजे भय. त्या भयाचा पहिला महिना नव्या देशात, नव्या घरात, दुसऱ्याच्या नावाखाली काढणे काय असते, हे मला त्या पत्राने शिकवले. यापुढे वर्गात कोणी विचारले, की भार्या म्हणजे भार का, तर व्युत्पत्तीचे उत्तर मी देईनच. पण त्यासोबत एक अर्जही फळ्यावर काढून दाखवीन आणि विचारीन, की या रकान्यात तुम्ही कोणता शब्द लिहाल?