वातग्राही मनोरा

छपरावरून वाहणारा वारा अडवून तो उभ्या पोकळीवाटे खालच्या खोल्यांत पोहोचविणारी वास्तुरचना. इराणात तिला ‘बादगीर’ म्हणतात. यझ्द येथील दौलताबाद बागेतील सु. ३३ मी. उंचीचा मनोरा प्रसिद्ध आहे. सिंधमधील हैदराबाद (स्थापना १७६८) या शहरात असे वातग्राही (‘मंघ’) घरोघरी होते. तेथे एप्रिल ते जून या कडक उन्हाळ्यात दुपारनंतर नैर्ऋत्येकडून गार वारे वाहतात; त्यामुळे शहरातील सर्व वातग्राहींची तोंडे त्याच दिशेस असत. बहुमजली घरांत प्रत्येक खोलीस स्वतंत्र वातग्राही असे. बर्नार्ड रुडॉफस्की यांच्या १९६४ मधील ग्रंथातील छायाचित्रांमुळे ही रचना जगभर परिचित झाली; तथापि पुढे विजेचे पंखे, वातानुकूलन व काँक्रीटच्या उंच इमारती यांमुळे ती हैदराबादेतून जवळजवळ लोपली.

विजेची व पर्यायाने कार्बन उत्सर्जनाची बचत करण्यासाठी या तत्त्वाचा पुन्हा अवलंब होऊ लागला. दक्षिण लंडनमधील बेडझेड वसाहतीत (२००२) वाऱ्यानुसार फिरणारी छपरावरील धुराडी आत येणारी ताजी हवा बाहेर जाणाऱ्या हवेच्या उष्णतेने तापवितात. मात्र शेजारी उंच इमारत उभी राहिल्यास वारा अडतो व वातग्राही निरुपयोगी ठरतो. म्हणून वाऱ्याचा विचार एका इमारतीपुरता न राहता संपूर्ण नगररचनेत व्हावा लागतो.