मिस शिलिंगची चकती

१/ १९४० चा उन्हाळा. स्पिटफायर आणि मेसरश्मिट १०९ इंग्लंडच्या आकाशात एकमेकांच्या मागावर होते. पाठलाग चुकवायचा असला की जर्मन वैमानिक दांडी पुढे लोटून विमानाचे नाक एकदम खाली घालत असे. ब्रिटिश वैमानिकाने तेच केले, तर त्याचे इंजिन अडखळे, काळा धूर ओके आणि क्षणभर बंदच पडे. तेवढ्यात शत्रू निसटून जाई.

२/ दोन्ही इंजिनांना सुपरचार्जर होता, म्हणजे दोन्ही हवा दाबून आत घेत. फरक होता तो इंधन पुरवण्यात. जर्मन डाइम्लर-बेंझ इंजिनात पंप पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारी. रोल्स-रॉइसच्या मर्लिन इंजिनात कार्ब्युरेटर होता. याला सर्रास ब्रिटिशांचे मागासलेपण म्हटले जाते. मला ते अन्यायाचे वाटते. सुपरचार्जरच्या आधीच हवेत मिसळलेल्या पेट्रोलची वाफ होताना ती हवा थंड होई. थंड हवा दाट असते, म्हणून शक्ती अधिक मिळे. निवड विचारपूर्वक केलेली होती. तिची किंमत मात्र लढाईत कळली.

३/ नाक झटकन खाली गेले की कार्ब्युरेटरच्या टाकीतले पेट्रोल वर उसळे आणि इंजिनाला क्षणभर इंधनच मिळेनासे होई. हा पहिला झटका. दुसरा अधिक घातक. टाकीतला फ्लोट भलत्या जागी जाऊन झडप सताड उघडी पडे, पंप पूर्ण जोराने पेट्रोल आत ढकली आणि इंजिन त्यात अक्षरशः गुदमरे. काळा धूर त्याचाच.

४/ फार्नबरोच्या रॉयल एअरक्राफ्ट एस्टॅब्लिशमेंटमध्ये बिॲट्रिस शिलिंग (जन्म १९०९) ही अभियंता या प्रश्नावर काम करीत होती. ब्रुकलँड्सच्या धावपट्टीवर ताशी १०० मैलांहून अधिक वेगाने मोटरसायकल पिटाळून तिने सुवर्णतारा मिळवला होता. इंजिन तिला केवळ कागदावरून ठाऊक नव्हते.

५/ तिने कार्ब्युरेटर बदलला नाही. त्याच्याकडे जाणाऱ्या इंधननळीत एक छिद्र असलेला छोटा धातूचा तुकडा बसवला. पुढे त्याची साधी चकती झाली. पूर्ण शक्तीवर इंजिनाला जेवढे पेट्रोल लागते, तेवढेच त्या छिद्रातून जाई. म्हणूनच छिद्राचे माप सुपरचार्जरच्या दाबानुसार ठरवावे लागे. झडप सताड उघडली तरी पूर येणे शक्यच नव्हते. शिवाय विमान सेवेतून न काढता चकती बसवता येई. १९४१ च्या आरंभी शिलिंग आणि तिचे सहकारी विमानतळांमागून विमानतळ फिरत तेच काम करीत होते.

६/ या चकतीने 'बॅटल ऑफ ब्रिटन' जिंकली, असे वाचनात येते. तारखा पाहा: ती लढाई ऑक्टोबर १९४० मध्येच संपली होती. त्या उन्हाळ्यात लढलेल्यांना या चकतीचा लाभ मिळालाच नाही. ते आधी विमान उलटे करून मग सूर मारत, म्हणजे पेट्रोल तळाशीच राही. पण त्यात मोलाचे क्षण जात.

७/ पहिला झटका चकतीनंतरही उरलाच आणि उलट्या अवस्थेत फार वेळ उडता येत नव्हते. त्यावरचा इलाज, म्हणजे दाबाखाली इंधन देणारा बेंडिक्स-स्ट्रॉमबर्ग कार्ब्युरेटर, मर्लिनवर आला तो १९४३ मध्ये. तोवर वैमानिकांनी त्या चकतीला 'मिस शिलिंगचे छिद्र' असे चावट नाव देऊन टाकले होते.