प्रबलन, धन
इष्ट वर्तनानंतर लगेच खाऊ, शाबासकी किंवा अन्य सुखद गोष्ट देऊन ते वर्तन पुन्हा घडण्याची शक्यता वाढविण्याची प्रक्रिया.

एडवर्ड ली थॉर्नडाइक यांनी १८९८ मध्ये भुकेल्या मांजरांना खिटीच्या पेटीत ठेवून प्रयोग केले. सुटका व अन्न मिळवून देणारी हालचाल मांजरे उत्तरोत्तर लवकर करू लागली. त्यावरून परिणामाचा नियम मांडला गेला (→ अध्ययन). बी. एफ. स्किनर यांनी तरफ दाबताच अन्नाची गोळी पडेल अशा पेटीत उंदरांवर प्रयोग करून १९३८ मध्ये या प्रक्रियेचे सविस्तर विवेचन केले (→ अभिसंधान).

अन्न हे प्राथमिक प्रबलक. शाबासकी, गुण, पैसा हे अनुभवातून मोल पावलेले दुय्यम प्रबलक होत. वेळ निर्णायक असते: ‘बस’ म्हटल्यावर कुत्रा बसला, पण खाऊ हाती येईपर्यंत उठला, तर उठणेच दृढ होते. म्हणून काही प्रशिक्षक योग्य क्षणी ‘टिक्’ आवाज करणारी क्लिकर डबी वाजवून मग खाऊ देतात. नवे वर्तन दर वेळच्या बक्षिसाने लवकर रुजते, तर अधूनमधून मिळणाऱ्या बक्षिसाने ते अधिक टिकते. ऋण प्रबलन म्हणजे शिक्षा, हा समज चुकीचा आहे. त्यातही वर्तन वाढतेच, मात्र त्रासदायक उद्दीपक दूर झाल्यामुळे (→ शिक्षा).

प्राणिप्रशिक्षण, विशेष शिक्षण व वर्तनोपचारात या तंत्राचा व्यापक वापर होतो. त्याला मर्यादाही आहेत. लेपर, ग्रीन व निस्बेट यांच्या १९७३ मधील अभ्यासात, चित्रे काढण्यासाठी आधीच बक्षीस कबूल केलेल्या बालवाडीतील मुलांची चित्रकलेतील आवड नंतर घटली. अनपेक्षित बक्षीस मिळालेल्या मुलांत ही घट आढळली नाही (→ प्रेरणा).